इस्लामी शिक्षणाचे आधुनिकीकरण : संशोधनाचे प्रश्न कसे बदलले

इस्लामी शिक्षणाच्या आधुनिकीकरणावरील आजच्या बहुतेक वादांची मुळे एकोणिसाव्या शतकात सापडतात. १८६६ मध्ये स्थापन झालेले देवबंदचे दारुल उलूम म्हणजे परंपरा आणि १८७५ मध्ये सर सय्यद अहमद खान यांनी अलीगढला सुरू केलेली संस्था म्हणजे आधुनिकता, अशी सोयीची विभागणी अभ्यासक दीर्घकाळ करत आले. अमेरिकी इतिहासकार बार्बरा मेटकाफ यांनी १९८२ मध्ये या विभागणीलाच धक्का दिला. नेमून दिलेला अभ्यासक्रम, पगारी शिक्षक, वार्षिक परीक्षा आणि एखाद्या नवाबाच्या आश्रयाऐवजी सामान्य लोकांच्या वर्गणीवर चालणारा कारभार ही देवबंदची घडण ब्रिटिश शिक्षणसंस्थांशी नाते सांगणारी होती, म्हणजे शिकवायचे ते जुने असले तरी संस्था चालवण्याची रीत नवी होती, हे त्यांनी दाखवून दिले. क्रिमियातील बख्चिसराय येथे तातार मुस्लिम सुधारक इस्माईल गास्प्रिन्स्की यांनी १८८४ मध्ये सुरू केलेल्या शाळेतही नवेपणाचा आरंभ अक्षरे ध्वनीनुसार शिकवण्याच्या पद्धतीतूनच झाला होता. तिथून पुढे पसरलेल्या शिक्षणसुधारणेच्या चळवळीचे ‘जदीद’ (म्हणजे नवे) हे नावही या नव्या पद्धतीवरूनच पडले.

विसाव्या शतकात राज्यसंस्था मध्ये आली आणि अभ्यासाचा रोखही तिकडे वळला. तुर्कस्तानने १९२४ मध्ये मदरसे बंद केले. इजिप्तने १९६१ च्या कायद्याने कैरोतील अल्-अझहर हे जुने इस्लामी विद्यापीठ सरकारी नियंत्रणाखाली घट्ट बांधले आणि तिथे वैद्यक, अभियांत्रिकी यांसारख्या शाखा आणल्या. इंडोनेशियात १९७५ मध्ये तीन मंत्र्यांच्या संयुक्त आदेशाने मदरशांतील सामान्य विषयांचा वाटा ७० टक्के ठरवण्यात आला.

१९७७ मध्ये मक्केत भरलेल्या मुस्लिम शिक्षणविषयक जागतिक परिषदेपासून वाद अभ्यासक्रमावरून ज्ञानाच्या स्वरूपावर गेला. आधुनिक विद्याशाखांचीच इस्लामी पायावर पुनर्रचना व्हावी, असे पॅलेस्टिनी-अमेरिकी विचारवंत इस्माईल अल्-फारुकी यांचे म्हणणे होते. पाकिस्तानी वंशाचे इस्लाम-अभ्यासक फझलुर रहमान यांना मात्र असल्या आराखड्यांपेक्षा धर्मग्रंथांचा इतिहासाच्या अंगाने नव्याने विचार करू शकणारी माणसे घडवणे अधिक निकडीचे वाटत होते. माझ्या मते या वादात दुसरी बाजू अधिक खोल आहे.

२००१ मध्ये अमेरिकेवर झालेल्या दहशतवादी हल्ल्यांनंतर सुरक्षेच्या चिंतेने संशोधनाला घेरले आणि मोजदादीला अचानक महत्त्व आले. पाकिस्तानातील एक तृतीयांश विद्यार्थी मदरशांत शिकतात, असा आकडाही एका अहवालातून पसरला होता; २००५ मध्ये जनगणना आणि घरोघरच्या पाहण्यांच्या आधारे झालेल्या अभ्यासात शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी पूर्णवेळ मदरशांत शिकणाऱ्यांचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी निघाले.

अलीकडे या विषयावरील लेखनात इंडोनेशियातील संशोधक ठळकपणे दिसतात. डिजिटल अध्यापन, शिक्षक-प्रशिक्षण आणि २०१९ च्या कायद्याने मान्यता मिळालेली पेसान्त्रेन, म्हणजे तिथली निवासी धर्मविद्यालये, हे त्यांचे नेहमीचे विषय आहेत. यांपैकी अनेकजण ज्या सरकारी इस्लामी विद्यापीठांत काम करतात, ती विद्यापीठे याच आधुनिकीकरणातून उभी राहिलेली असल्याने त्यांचे निष्कर्ष वाचताना हे नाते ध्यानात ठेवावे लागते.