न नांगरण्याचा खंड

अमेरिकेत कोलोराडो राज्याच्या आग्नेय कोपऱ्यात बाका काउंटी आहे. पाऊस वर्षाला साधारण 400 मिलिमीटर, वारा मात्र भरपूर. इथल्या बऱ्याच रानांचा खंड, म्हणजे जमिनीचं भाडं, केंद्र सरकार शेतकऱ्याला देतं. अट अशी, की दहा ते पंधरा वर्षं तिथे पीक घ्यायचं नाही, गवत राखायचं. काम न करण्याचे पैसे वाटतात ना? पण काम होतंच. ते गवत करतं.

उघड्या कोरड्या रानात वारा सुटला की आधी हलतात ते बारीक रव्याएवढे कण. ते थोडे वर उडतात आणि पुढे जाऊन आपटतात. प्रत्येक आपटण्यासरशी जमिनीला चिकटून बसलेली पिठासारखी धूळ उधळते. ही धूळ एरवी वाऱ्याला सहज सुटत नाही. रवाळ कणांच्या माऱ्याने सुटते, आणि मग शेकडो किलोमीटर जाते. सेंद्रिय अंश आणि नत्र याच धुळीत जास्त असतं. म्हणजे माती उडते तेव्हा तिचा कस आधी जातो, मागे वाळू उरते. त्यातून वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, तर त्याची माती वाहण्याची ताकद जवळजवळ आठपट होते.

म्हणून जमिनीलगतचा वारा मंदावणं महत्त्वाचं, आणि ते गुडघाभर गवतालाही जमतं. पण गवत धरणं सोपं नाही. आधी ज्वारी घेतात. तिची धसकटं तशीच ठेवून त्यांच्या आडोशाला ब्लू ग्रामा, साइड ओट्स ग्रामा अशा देशी गवतांचं बी अगदी वरवर पेरतात. पहिल्या वर्षी तण दिसतं, गवत शोधावं लागतं. नीट बसायला दोन-तीन वर्षं लागतात. धसकटं वेचून रान स्वच्छ करण्याची आपली सवय आठवली, की ती तशीच ठेवण्याचं मोल जास्तच पटतं.

बाका काउंटीने याची किंमत मोजली आहे. गव्हासाठी कुरणं मोडली, 1930च्या दशकात दुष्काळ पडला आणि धुळीची वादळं उठली. 14 एप्रिल 1935चा रविवार तिकडे ‘काळा रविवार’ म्हणूनच ओळखला जातो. त्याच महिन्यात मृदसंधारणाचा कायदा झाला. खंडाची आजची योजना 1985च्या कायद्यातली. शेतकरी आपलं रान देऊ करतो, सरकार धूप, पाणी, पक्षी-प्राणी यांचे गुण धरून निवड करतं. सहसा एका काउंटीतल्या लागवडीच्या जमिनीपैकी 25 टक्क्यांहून जास्त घेत नाहीत, कारण पेरणीच थांबली तर बियाण्या-खताचं दुकान आणि ट्रॅक्टर दुरुस्त करणारा कशावर जगणार? ही मर्यादा मला फार शहाणपणाची वाटते.

खरी दुखरी जागा करार संपतो तिथे आहे. 2007 साली देशभरात योजनेखाली 3 कोटी 68 लाख एकर जमीन होती. पुढे धान्याचे भाव चढले, कायद्याने योजनेचं क्षेत्रही कमी केलं, आणि पुष्कळ रानं पुन्हा नांगराखाली गेली. मुळांनी वर्षानुवर्षं साठवलेला कर्ब नांगरटीनंतर झपाट्याने हवेत जातो. ते गवत गुरांना चारता आलं असतं, पण पूर्वीच्या गव्हाच्या रानाला ना कुंपण असतं, ना गुरांना पाणी. कराराच्या शेवटच्या दोन वर्षांच्या खंडातला थोडा पैसा तारेच्या कुंपणाला आणि पाण्याच्या टाकीला द्यावा. गवत विकता येत नाही, पण त्यावर पोसलेलं वासरू विकता येतं.