बंगला विट्यात, भट्टी मदुरेत

दिवाळीच्या आठवड्यात सांगली जिल्ह्यातल्या विट्याच्या बाजारपेठेत गाडी लावायला जागा सापडत नाही. लावलेल्या गाड्यांच्या नंबरप्लेट वाचत गेलं तर तामिळनाडू, केरळ, आंध्र, कर्नाटक असा निम्मा हिंदुस्थान भेटतो. फटाक्याच्या दुकानापुढं दोन पोरं तमिळमध्ये भांडत असतात आणि आजी मध्ये पडून दोघांना खानापुरी मराठीत झापते. भाऊबीज झाली की चार दिवसांत हे सगळं ओसरतं.

ही गलाईवाल्यांची घरं. गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी गाळून शुद्ध करून देणं. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या पट्ट्यातली माणसं देशभरच्या सराफ पेठांच्या बोळांत हा धंदा करतात. बहुतेक जण जातीनं सोनार नाहीत, कुणबाऊ घरचे आहेत. शेतकऱ्याच्या पोरानं मूस (धातू वितळवायचं भांडं) आणि चिमटा का धरला, याचं उत्तर सराफ पेठेत मिळत नाही. ते येरळा नदीच्या कोरड्या पात्रात आहे.

सांगली जिल्हा म्हटलं की लोकांना कृष्णाकाठ आठवतो, ऊस, हळद, महापूर. पूर्वेचा घाटमाथा वेगळा. शिराळ्यात पाऊस धो धो पडतो आणि आटपाडी-जतकडं ढग नुसते बघून जातात. येरळा, अग्रणी, माणगंगा या नद्यांत वर्षातला बराचसा काळ वाळूच दिसायची. कोरडवाहू ज्वारी-बाजरी पिकली तर पिकली. त्यामुळं एक तरी माणूस बाहेर आणि त्याच्या मनीऑर्डरवर घर, ही रीत इथं जुनीच. आधी ही वाट मुंबईच्या गिरण्यांकडं जायची. 1972 च्या दुष्काळात घरंच्या घरं खडी फोडायला रोजगाराच्या कामावर गेली. मिलो या परदेशी लाल ज्वारीच्या भाकरी खाल्लेली पिढी अजून हयात आहे आणि ताटात अन्न टाकलेलं तिला अजून चालत नाही.

मग 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. चाळीतून गावी परतलेल्या कामगारांपुढं पुन्हा तोच कोरडा डोंगर. खानापूर तालुक्यात त्यातूनच मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. बलवडी आणि तांदूळवाडीच्या लोकांनी येरळेवर बळीराजा धरण बांधलं, त्यासाठी नदीतलीच थोडी वाळू विकून पैसा उभा केला. इथला माणूस मुकाट्यानं निघून गेला असं कुणी म्हणू नये, एवढ्यासाठी हे सांगितलं. 1993 पासून आटपाडीला पाणी परिषदा भरू लागल्या, नागनाथअण्णा नायकवडींच्या मागं तेरा दुष्काळी तालुके उभे राहिले. पण मोर्चाहून परत आल्यावर चूल पेटवायलाच लागते.

गलाईला जमीन लागत नाही, शिक्षणाचा कागद लागत नाही. एक खोली, भट्टी आणि ओळख पुरते. ओळख म्हणजे नातं. मामानं भाच्याला न्यायचं, भाच्यानं चुलतभावाला, चुलतभावानं गावातल्या एका गड्याला. पहिली काही वर्षं पोरगं गडी म्हणून राहतं. दुकानातच झोपायचं, मालकाच्या घरी जेवायचं, पगार गावी बापाच्या हातात. मालक आणि गडी एकाच भावकीतले, त्यामुळं पगार कमी आहे हे बोलायची सोय नाही. पुढं गडी स्वतंत्र दुकान टाकतो आणि कधी त्याच बोळात टाकतो. तिथून धरलेला अबोला गावच्या यात्रेपर्यंत येतो, पंगतीत दोन घरं दोन टोकांना बसतात.

कामही एकदा नीट बघावं. मोडीचे दागिने मुशीत घालून टाकणखार टाकायचा, वितळवायचं. भेसळ काढायची तर गंमत अशी की आधी त्यात चांदीच आणखी घालावी लागते, सोनं साधारण चौथाई उरेल इतकी. मग तेजाब, म्हणजे नायट्रिक ॲसिड. त्यात चांदी-तांबं विरघळतं आणि तळाशी मळकट तपकिरी भुकटी बसते. तेच सोनं! धुऊन पुन्हा आटवलं की पिवळी धमक लगड, म्हणजे सोन्याची कांडी. तांब्याची पट्टी बुडवली की तेजाबातली चांदीही खाली उतरते. या सगळ्यात भांड्यावर पिवळसर तांबूस धूर उठतो. आठ बाय दहाच्या खोलीत तो कुठं जाणार? चाळिशीत खोकला लागलेली माणसं गावी येतात तेव्हा 'हवा बदलायला आलोय' म्हणतात.

धंद्याला कायद्याचा काच पहिल्यापासून. 1963 मध्ये सुवर्ण नियंत्रण आलं, 1968 मध्ये त्याचा कायदा झाला. परवान्याशिवाय लगड बाळगणं गुन्हा, आणि गलाईवाल्याचं तर आयुष्यच लगडीभोवती. 1990 मध्ये तो कायदा गेला, पण चोरीच्या मालाचं कलम राहिलं. जुन्या दंडविधानात ते 411, आता न्याय संहितेत 317. दागिना वितळला की त्याला ओळख उरत नाही, म्हणून संशय पहिल्यांदा वितळवणाऱ्यावर. चोर तिसऱ्याच राज्यात सापडतो, नाव घेतो, आणि अनोळखी भाषेतले पोलिस शटर वाजवतात. कुणी चोरीचं सोनं खरंच जाणूनबुजून घेतलेलं असतं, बऱ्याच जणांनी नसतं, पण त्या रात्री फरक कोण करतं? मिटवायला गेलेल्या पैशाची पावती नसते. गावात बातमी येते ती 'धंद्यात जरा खोट बसली' एवढीच. 2016 ची नोटाबंदी आणि 2020 ची टाळेबंदी झाली. 2021 पासून हॉलमार्कची सक्ती आली, टंच, म्हणजे सोन्याची शुद्धता, काढायला यंत्रं आली. कसोटीवर पोट भरणाऱ्या लहान दुकानदाराचं काम त्यानं घटलं.

इकडं गावात काय? आमच्या गल्लीत तीन मजली बंगला आहे. म्हातारा-म्हातारी खालच्या एका खोलीत राहतात, स्वयंपाकही तिथंच. वरच्या सोफ्याचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नाही. वर कुणी आहे असं वाटावं म्हणून आजी रोज संध्याकाळी जिना चढून दिवा लावून येते, गुडघे धरून. "पोरगं कुठं असतं, आबा?" "मदुरेला." "बरं चाललंय न्हवं?" "चाललंय की." याच्या पुढं संभाषण जात नाही. मला वाटतं इथला सगळा ताण त्या 'चाललंय की'मध्ये आहे. लग्नाच्या बाजारात 'सोन्याच्या धंद्यात आहे' याला वजन असतं, मग खोट सांगायची कुणाला?

पाणी आलं तेव्हा वाटलं होतं की आता लोक परततील. कराडजवळच्या टेंभूत, आगरकरांच्या जन्मगावी, कृष्णा अडवून टप्प्याटप्प्यानं वर उपसायची योजना 1996 च्या सुमारास मार्गी लागली. पाणी शिवारात यायला पुढं कैक वर्षं गेली. ऊस लागला, द्राक्षं लागली, आटपाडीच्या डाळिंबाला जोर आला. आणि ज्या जिरायती तुकड्याकडं कुणी ढुंकून बघत नव्हतं, त्याचा भाव विचारायला माणसं येऊ लागली. तिथून भावकीत नवीनच दुखणं सुरू झालं. गावात राहिलेला भाऊ म्हणतो, तीस वर्षं ढेकळं मी फोडली, आईबाप मी बघितले. बाहेरचा म्हणतो, विहीर, पाइपलाइन, बहिणींची लग्नं माझ्या भट्टीवर झाली. दोघंही खरं बोलतात. सातबाऱ्यावर मात्र अजून वडिलांचंच नाव. दिवाळीत विषय निघाला की थोरला म्हणतो, सणासुदीला नको, यात्रेत बसू. यात्रेला पै-पाहुणे असतात, म्हणून दिवाळीवर जातं.