वाचादोषासाठी दिव्यांग प्रमाणपत्र: कोणाला मिळते, कागद कोणते लागतात

‘मुलगा अडखळत बोलतो, त्याला दिव्यांग प्रमाणपत्र मिळेल का?’ असे पालक हमखास विचारतात. दोषाच्या नुसत्या नावावरून याचे उत्तर देता येत नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. वाचा व भाषा दिव्यांगत्व हा त्यातला स्वतंत्र प्रकार. मात्र कायद्याच्या दोन अटी आहेत: दोष कायमस्वरूपी हवा आणि त्यामागे शारीरिक किंवा मेंदू-मज्जासंस्थेचे कारण हवे. स्वरयंत्र काढून टाकण्याची शस्त्रक्रिया आणि अफेजिया, म्हणजे बहुधा पक्षाघातानंतर भाषाच हरवणे, ही दोन उदाहरणे कायदा नावानिशी देतो. बोलण्याचे स्नायू नीट न चालल्याने शब्द अस्पष्ट होणे (डिसार्थ्रिया) किंवा टाळू फाटलेली असल्याने उच्चार बिघडणे, यांमागचे कारण तपासणीत दाखवता येते. तोतरेपणाचे नाव व्याख्येत नाही, त्यामुळे तिथे सगळी भिस्त तपासणीवर. लहान मुलाचे ‘र’ला ‘ल’ म्हणणे बहुतेकदा वयाने किंवा थेरपीने सुटते. त्यासाठी अर्जाच्या मागे लागू नये.

अर्ज ‘स्वावलंबन कार्ड’ या केंद्र सरकारच्या पोर्टलवर ऑनलाइन करायचा. आधार, रहिवासाचा पुरावा, अलीकडचा फोटो आणि सही किंवा अंगठा एवढे अपलोड करावे लागते. अर्जदार अल्पवयीन असेल तर पालक अर्ज करतात. राहत्या जिल्ह्यातले रुग्णालय निवडता येते, किंवा जिथे उपचार झाले ते सरकारी रुग्णालयही.

खरी मदार तपासणीच्या दिवशी नेलेल्या फाइलवर असते. डिस्चार्ज कार्ड, एमआरआयचा रिपोर्ट, स्पीच थेरपिस्टचा अहवाल, श्रवणचाचणी असे सगळे मूळ कागद न्या, सोबत झेरॉक्सचा एक संच ठेवा. बोलणे ऐकणाऱ्याला किती कळते आणि आवाज कसा आहे, हे तपासून टक्केवारी ठरते. दोष पुढे बदलण्याची शक्यता असेल तर प्रमाणपत्र ठरावीक मुदतीचे मिळते. अर्ज नाकारला तर कारण लेखी मागून घ्या, कारण पुढे अपील करता येते आणि त्यासाठी तोच कागद लागतो.

यूडीआयडी कार्डाचा (दिव्यांग व्यक्तीच्या विशिष्ट ओळखपत्राचा) रंग टक्केवारी सांगतो: ४० टक्क्यांखाली पांढरा, ४० पासून ८० च्या आत पिवळा, ८० व त्यापुढे निळा. प्रमाणपत्र देशभर चालते.

बहुतेकांची निराशा होते ती पुढच्या टप्प्यावर. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर सरकारी व अनुदानित संस्थांतल्या उच्च शिक्षणाच्या ५ टक्के राखीव जागांसाठी पात्रता मिळते. सरकारी नोकरीतल्या ४ टक्के आरक्षणाचे तसे नाही. याच कायद्याच्या कलम ३४ च्या यादीत अंधत्व, श्रवणदोष, हालचालीचे दिव्यांगत्व वगैरे गट आहेत. नुसता वाचादोष त्यात येत नाही. वाचादोषाबरोबर श्रवणदोषही असेल तर त्याचीही तपासणी याच अर्जात मागा.