फाइव्ह-फूट वे

फाइव्ह-फूट वे, स्थानिक मलय बोलीत काकी लिमा, म्हणजे सिंगापूर, पेनांग, मलाक्का इथल्या जुन्या शॉपहाऊसच्या रांगेपुढची छपराखालची पायवाट. खाली दुकान, वर बिऱ्हाड, वरचा मजला पुढे आलेला आणि त्याच्याखालून लोकांची ये-जा. जागा घरमालकाची पण चालायचा हक्क सगळ्यांचा, भांडणं सगळी इथूनच सुरू होतात. नावात पाच फूट असले तरी रुंदी सगळीकडे तेवढीच नसते.

सिंगापूरची वसाहत उभारणारा ब्रिटिश अधिकारी रॅफल्स, त्याने नोव्हेंबर 1822 मध्ये तिथल्या टाउन कमिटीला ज्या सूचना दिल्या त्यात प्रत्येक घरापुढे कायम खुला, सलग व्हरांडा हवा असं कलम होतं, इथपर्यंत वाद नाही. पण ही कल्पना त्याला सुचली कुठून? काहीजण दक्षिण चीनकडे बोट दाखवतात, पण ग्वांगझूमधल्या अशा कमानींच्या रस्त्यांची मोठी लाट विसाव्या शतकाच्या सुरुवातीची, म्हणजे उलट परदेशातून परतलेल्यांनीच ती तिकडे नेली असावी. स्पॅनिश वसाहतींसाठीच्या 1573 च्या नियमांतही चौकाभोवती कमानी होत्याच. रॅफल्स 1811 ते 1816 जावात कारभार बघत होता, म्हणून तिथलं बटाविया (आजचं जकार्ता) हे मूळ जास्त पटण्यासारखं वाटतं, अर्थात हाही अंदाजच.

या वाटेवर न्हावी, चांभार, फेरीवाले सगळे बसायचे, दुकानदार माल मांडायचे, एका घराची फरशी वर तर शेजारच्याची खाली, खाली बघूनच चालायचं. 1888 मध्ये सिंगापूरची नगरपालिका ही अडगळ हटवायला गेली तर दंगलच झाली.

सिंगापूरने 1989 मध्ये चायनाटाउन, लिटल इंडिया, कॅम्पाँग ग्लॅम वगैरे भाग संरक्षित जाहीर केले, दर्शनी भिंती वाचल्या. रस्त्याची ओळख वाचली का, हे वेगळं. पेनांगच्या जॉर्जटाउन शहरात 2000 च्या सुरुवातीला भाडेनियंत्रण उठलं, जुनी भाडेकरू कुटुंबं निघून गेली, त्यानंतर 2008 मध्ये मलाक्कासोबत युनेस्कोचा जागतिक वारशाचा दर्जा आला. म्हणजे दर्जा येईपर्यंत वरची बरीच बिऱ्हाडं उठलेली होती, आणि खालच्या वाटेला जिवंत ठेवणारी माणसं तीच होती, संरक्षणाच्या नियमांत मात्र रंग, कौलं, खिडक्या यांच्यावरच जास्त भर असतो.

मुंबईत दादाभाई नवरोजी रोडच्या कमानीही नियमानेच आलेल्या, 1896 च्या.