खुल्या क्वांटम प्रणाली : मापन आणि नियंत्रण

आजूबाजूच्या परिसराशी ऊर्जेची किंवा माहितीची देवघेव चालू असलेल्या क्वांटम प्रणालीला खुली क्वांटम प्रणाली म्हणतात. सापळ्यात धरलेला एकटा आयन, अतिसंवाहक (विजेला रोध नसलेल्या) मंडलातला क्युबिट, म्हणजे दोन पातळ्यांचा क्वांटम माहितीचा एकक, दोन आरशांमध्ये कोंडलेला फोटॉन ही तिची नेहमीची उदाहरणे. पूर्ण बंद प्रणाली पाठ्यपुस्तकाबाहेर सापडत नाही. क्वांटम अवस्था काळानुसार कशी बदलते ते सांगणारे श्रोडिंजरचे समीकरण बंद प्रणालीला चपखल बसते, पण प्रयोगशाळेतल्या अणूभोवती भटके फोटॉन असतात, भिंतींची उष्णता असते, तारांमधला गोंगाट असतो. या गोतावळ्यासह प्रणाली कशी बदलत जाते हे मोजणे आणि तो बदल हवा तसा वळवणे, असा हा विषय आहे.

परिसर प्रणालीचे दोन प्रकारे नुकसान करतो. एक म्हणजे ऊर्जा निसटते. उत्तेजित अणू फोटॉन सोडून खालच्या पातळीवर येतो, आणि त्याला लागणाऱ्या सरासरी काळाला टी-१ म्हणतात. दुसरे म्हणजे एकाच वेळी दोन अवस्थांत असण्यातली कलासंबद्धता, म्हणजे त्या अवस्थांच्या तरंगांचा एकमेकांशी असलेला ताल (कला म्हणजे तरंगाचा टप्पा), विरते. तिचा काळ टी-२, आणि तो टी-१ च्या दुपटीपेक्षा कधीच जास्त नसतो. हे दुसरे नुकसान समजून घेण्यासारखे आहे, कारण ऊर्जेचा कणही न गमावता ते होऊ शकते. प्रणाली कोणत्या अवस्थेत आहे याची खूण परिसरात कुठेतरी उमटली एवढे पुरते. भिंतीला कान असतात ही म्हण इथे जवळजवळ शब्दशः लागू पडते. परिसरही एक मापकच असतो, फक्त तो आपली नोंदवही कोणाला दाखवत नाही.

या नोंदी हाती नसताना उरते ती सरासरी. ती घनता मॅट्रिक्सने, म्हणजे शक्य अवस्थांच्या शक्यता आणि संबद्धता यांच्या तक्त्याने, मांडतात आणि तिचा काळानुसार होणारा बदल ज्या समीकरणाने लिहितात ते १९७६ मध्ये दोन ठिकाणी स्वतंत्रपणे तयार झाले. स्वीडनमध्ये योरान लिंडब्लाड यांनी, तर दुसरीकडे गोरिनी, कोसाकोव्स्की आणि सुदर्शन यांनी ते मांडले. यांपैकी ई. सी. जी. सुदर्शन अमेरिकेला जाण्यापूर्वी १९५०च्या दशकात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. समीकरणामागे एक गृहीत आहे : परिसर विसराळू असतो, त्याच्याकडे गेलेले काहीच परत येत नाही. घन पदार्थांत अनेकदा तसे नसते. परिसराला स्मरण असेल तर विरलेली संबद्धता थोडी परतही येते आणि मग हे समीकरण तोकडे पडते.

सरासरीच्या पलीकडे जाऊन एकाच प्रणालीची वाटचाल पाहता येईल, यावर बराच काळ कोणाचा विश्वास नव्हता. १९१३ मध्ये बोर यांनी अणूच्या पातळ्यांमधल्या उड्या मांडल्या. श्रोडिंजर यांना त्या १९५२ मध्येही मान्य नव्हत्या. एकट्या अणूवर प्रयोग होतच नाहीत, असा त्यांचा मुद्दा होता. १९८६ मध्ये सिॲटल, हॅम्बुर्ग आणि अमेरिकेतल्याच बोल्डर इथल्या तीन गटांनी एकट्या आयनाच्या उड्या पाहिल्या. बेरियमचा आयन लेसरच्या प्रकाशात ठिपक्यासारखा चमकत राहतो. मधूनच तो आडबाजूच्या पातळीवर जातो आणि एकदम विझतो, काही काळाने पुन्हा पेटतो. आलेखावर या उघडझापीच्या उभ्या कडा दिसतात, जणू उडी क्षणातच होते.

मापन आणि नियंत्रण एकत्र कसे नांदतात हे पाहायचे तर पॅरिसच्या एकोल नॉर्माल सुपेरिएरमधला सर्ज आरोश यांच्या गटाचा प्रयोग जवळून पाहावा. निओबियमचा मुलामा दिलेले तांब्याचे दोन आरसे २.७ सेंटीमीटर अंतरावर समोरासमोर बसवलेले, तापमान ०.८ केल्व्हिन. त्यांच्यामध्ये ५१ गिगाहर्ट्झचा सूक्ष्मतरंगी फोटॉन सरासरी ०.१३ सेकंद टिकतो. तेवढ्यात आरशांवर अब्जाहून अधिक वेळा आपटत तो सुमारे ४०,००० किलोमीटर अंतर तोडतो, म्हणजे जवळपास पृथ्वीप्रदक्षिणाच. पण तो पाहायचा कसा? नेहमीचा शोधक फोटॉन गिळूनच त्याची खबर देतो. आरोश यांनी रुबिडियमचे अणू इतके फुगवले की प्रत्येकाचा व्यास सुमारे २५० नॅनोमीटर झाला, साध्या अणूच्या हजारपटीहून अधिक. असा अणू आरशांमधून जाताना फोटॉन शोषत नाही, कारण दोघांच्या वारंवारता मुद्दाम जुळू दिलेल्या नसतात. मात्र फोटॉन हजर असेल तर अणूची कला सरकते, जणू घड्याळाचा काटा थोडा पुढे जातो. पलीकडे तो काटा वाचतात. एका अणूकडून पुरती माहिती मिळत नाही. अणूंची रांग जाऊ दिली की आरशांमधल्या या पेटीत किती फोटॉन आहेत ते हळूहळू ठरत जाते. २००७ मध्ये या रीतीने एकाच फोटॉनचा जन्म आणि मृत्यू नोंदवला गेला.

त्याच गटाने २०११ मध्ये पुढचे पाऊल टाकले. प्रत्येक अणूच्या वाचनानंतर संगणक पेटीतल्या अवस्थेचा अंदाज सुधारतो, ती ठरवलेल्या संख्येपासून किती ढळली ते काढतो आणि त्या मापाचा सूक्ष्मतरंगांचा छोटा झटका आत सोडतो. एखादा फोटॉन निसटला की काही वेळात त्याची भरपाई होते. चार फोटॉनपर्यंतच्या अवस्था या फीडबॅकने टिकवून धरल्या गेल्या. फोटॉन जितके जास्त तितकी अवस्था लवकर ढासळते, त्यामुळे चार ही संख्या दिसते तेवढी किरकोळ नाही. गळती थांबलेली नाही हे लक्षात घ्यावे. तिचा हिशेब ठेवला गेला, इतकेच. आरोश आणि बोल्डरचे डेव्हिड वाइनलँड यांना २०१२ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

आलेखावरच्या त्या उभ्या कडांचे काय, उडी खरेच क्षणात होते का, याचे उत्तर २०१९ मध्ये येल विद्यापीठातल्या मिशेल देवोरे यांच्या गटाने दिले. अतिसंवाहक मंडलाचा तीन पातळ्यांचा ‘कृत्रिम अणू’ त्यांनी वापरला. एका पातळीवर तो सतत संकेत देत राहतो, दुसऱ्या पातळीवर जाताना गप्प होतो. ही शांतताच उडी सुरू झाल्याची वर्दी असते. उडी कधी सुरू होईल हे आधी सांगता येत नाही, पण सुरू झाल्यावर तिचा मार्ग प्रत्येक वेळी तोच असतो आणि तो सलग असतो. त्याला काही मायक्रोसेकंद लागतात. तेवढ्यात योग्य स्पंद दिला तर अर्ध्या वाटेवरचा अणू मागे आणता येतो, आणि तसा तो आणलाही गेला. बोर आणि श्रोडिंजर दोघांनाही यातून थोडे थोडे मिळाले असे म्हणायला हरकत नाही.

न पाहताही नियंत्रण होते. एर्विन हान यांनी १९५० मध्ये दाखवलेल्या स्पिन-प्रतिध्वनीत (स्पिन म्हणजे कणाची अंगभूत चुंबकी फिरकी) मधेच एक स्पंद देऊन कलेची सावकाश होणारी घसरण उलटी फिरवतात. अशा स्पंदांच्या माळेने परिसराचा परिणाम बराचसा पुसता येतो, मात्र परिसर स्पंदांपेक्षा संथ हवा. दुसऱ्या टोकाला झेनो परिणाम आहे. मिश्रा आणि सुदर्शन यांनी १९७७ मध्ये त्याचे गणित मांडले : वारंवार मोजत राहिले की अवस्था बदलतच नाही. बोल्डरमध्ये १९९० मध्ये बेरिलियमच्या सुमारे ५,००० आयनांवर २५६ मिलिसेकंदांत ६४ वेळा मापन केले तेव्हा संक्रमण जवळजवळ थांबले. दुधासमोर उभे राहिले की ते उतू जात नाही, हा स्वयंपाकघरातला अनुभव इथे आठवतो, पण दूध मात्र क्वांटम नियमांनी थांबलेले नसते.

अतिसंवाहक क्युबिटवर सततच्या हलक्या मापनाने फीडबॅक देण्याचा प्रयोग २०१२ मध्ये बर्कलीत झाला. क्युबिटची दोन पातळ्यांमधली आंदोलने एरवी काही मायक्रोसेकंदांत विरून जातात, ती फीडबॅक चालू असेपर्यंत टिकून राहिली. त्या शोधनिबंधाचे पहिले लेखक आर. विजयराघवन पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. तिथली त्यांची प्रयोगशाळा क्वांटम मापन आणि नियंत्रण याच नावाने ओळखली जाते. या संस्थेने पुण्यातल्या डीआरडीओच्या क्वांटम तंत्रज्ञान प्रयोगशाळेबरोबर बनवलेल्या सहा क्युबिटांच्या प्रोसेसरची चाचणी २०२४ मध्ये पूर्ण झाली.

या सगळ्या पद्धतींना नडतात त्या साध्या गोष्टी. क्युबिट शीतकपाटात केल्व्हिनच्या शंभराव्या भागाइतक्या तापमानाला असतो, त्याचा संकेत वाचणारी उपकरणे बाहेर खोलीत. वाटेतल्या केबलमध्ये, जोडण्यांमध्ये आणि प्रवर्धकात संकेताचा काही भाग हरवतो. हरवलेला भाग परिसराच्याच वहीत जमा होतो आणि तेवढ्यापुरता प्रयोगकर्ता आंधळा राहतो. शिवाय वाचन, आकडेमोड आणि उलट स्पंद यांत गेलेला वेळ क्युबिटच्या आयुष्यातूनच कापला जातो. म्हणून पहिला प्रवर्धक क्युबिटशेजारी त्याच शीतकपाटात बसवतात, आणि निर्णय घेणारे गणित संगणकाऐवजी थेट इलेक्ट्रॉनिक चिपवर उतरवतात.