छिद्रं लहान, पण आवरण शाबूत?

बडोद्याला दांडिया बाजारातल्या घरी भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला काका सांगायचे, "ऑपरेशन दुर्बिणीतून आहे, चार छिद्रं फक्त." शौचावाटे रक्त जात होतं, ते त्यांनी सहा महिने 'हरस असेल' म्हणून अंगावर काढलं. (मूळव्याधीला हा गुजराती शब्द आमच्या मराठी घरांत केव्हाच रुळला.) निघाला गुदाशयाचा कर्करोग. मला मात्र पोटावरच्या छिद्रांपेक्षा आतली काळजी होती.

गुदाशय म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटचा साधारण 15 सेंटिमीटरचा भाग. कमरेच्या हाडांच्या अरुंद पोकळीत तो दाटीवाटीने बसलेला असतो. पुढे मूत्राशय, पुरुषांत प्रोस्टेट. बाजूंनी लघवी आणि लैंगिक क्रिया सांभाळणाऱ्या नाजूक नसा. गुदाशयाभोवती चरबीचं आवरण असतं, त्यात लसीकाग्रंथी (शरीरातला द्रव गाळणाऱ्या छोट्या गाठी), आणि रोग बहुधा आधी तिथेच पसरतो. पूर्वी सर्जन हाताने चाचपत गुदाशय सोडवत. आवरण फाटे, तुकडा मागे राही आणि रोग तिथूनच पुन्हा डोकं वर काढी. इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकचे सर्जन बिल हील्ड यांनी 1982 मध्ये यावर बोट ठेवलं: आवरण अखंड निघालं पाहिजे. कांद्याच्या दोन पापुद्र्यांमध्ये नख नेमकं शिरलं की पापुद्रा न फाटता सुटतो. इथेही तशी एक फट असते. ती धरून गेलं तर नसाही वाचतात.

दुर्बिणीचा खरा फायदा इथे आहे. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा केली की ती खोल फट पडद्यावर मोठी दिसते. जखम लहान, म्हणून दुखणंही कमी. पण रोगाचं काय? 2015 मध्ये आठ देशांतल्या हजाराहून अधिक रुग्णांच्या चाचणीत, तीन वर्षांत रोग त्याच भागात परतण्याचं प्रमाण दुर्बीण आणि मोठा छेद, दोन्हींत 5 टक्के आढळलं. त्याच वर्षीच्या आणखी दोन चाचण्यांनी काढलेला भाग पूर्ण निघाला का, ते तपासलं. दुर्बीण मोठ्या छेदापेक्षा उणी नाही, हे त्यांना सिद्ध करता आलं नाही. दुर्बिणीचंच ऑपरेशन सर्जन रोबोटच्या हातांनीही करतात. ते हात मनगटासारखे वळतात, तरी 2017 च्या 471 रुग्णांच्या चाचणीत मध्येच पोट उघडावं लागण्याचं प्रमाण लक्षणीय घटलं नाही. मला वाटतं, उपकरणाइतकाच, किंबहुना जास्तच, हाताचा सराव मोलाचा.

म्हणून आम्ही सर्जनना विचारलं: अशी ऑपरेशनं वर्षाला किती करता? एमआरआयत गाठ आवरणाच्या कडेपासून किती दूर आहे? आतडं जोडलेला सांधा भरेपर्यंत शौचासाठी पोटावर पिशवी लागेल का? ते म्हणाले, "लागेल, काही महिने. आणि आत अडचण आली तर मी पोट उघडेन." काका गप्प झाले. मग म्हणाले, "उघडा, पण नीट काढा."

पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आला तेव्हा मी आधी एकच ओळ शोधली. आवरण पूर्ण होतं.