वायोमिंगमधील स्त्री-मताधिकार

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी वायोमिंग या पश्चिमेकडील राज्यात स्त्रियांना मिळालेला मतदानाचा व सार्वजनिक पदे धारण करण्याचा हक्क. वायोमिंग हे राज्य नव्हे, केवळ संघशासित प्रदेश होते तेव्हाच, १० डिसेंबर १८६९ रोजी, याविषयीचा कायदा झाला. न्यू जर्सीत १७७६ ते १८०७ या काळात मालमत्ताधारक अविवाहित स्त्रिया व विधवा मतदान करीत; त्यामुळे ‘अमेरिकेतील पहिला’ हे विशेषण वायोमिंगला सरसकट लावू नये. मालमत्तेची वा वैवाहिक स्थितीची अट न घालणारा टिकाऊ कायदा मात्र प्रथम येथेच झाला.

विधेयक मांडले ते वरिष्ठ सभागृहाचे अध्यक्ष विल्यम ब्राइट यांनी. ते साउथ पास सिटी या खाणकामाच्या गावचे. तेथे त्यांचा दारूचा गुत्ता होता. मूळ मसुद्यातील १८ वर्षांची वयोमर्यादा कनिष्ठ सभागृहाने २१ केली. विधिमंडळातील सर्व सदस्य डेमोक्रॅट, तर गव्हर्नर जॉन कॅम्पबेल रिपब्लिकन. तरीही त्यांनी स्वाक्षरी केली. विवाहितेचा स्वतःच्या मालमत्तेवरील हक्क आणि शिक्षिकांना समान वेतन यांविषयीचे कायदेही याच अधिवेशनातले.

कायद्याचे श्रेय कोणाचे, यावर दीर्घकाळ वाद आहे. एक परंपरा ते एस्थर हॉबर्ट मॉरिस यांना देते. निवडणुकीपूर्वी त्यांनी आपल्या घरी चहापानाला दोन्ही पक्षांच्या उमेदवारांना बोलावून स्त्री-मताधिकाराचे वचन घेतले, अशी ती कथा. इतिहास-अभ्यासिका ग्रेस रेमंड हेबर्ड यांनी तिचा पुष्कळ प्रसार केला. परंतु ती सविस्तर सांगितली एच. जी. निकरसन यांनी, १९१९ मध्ये, म्हणजे घटनेनंतर सुमारे पन्नास वर्षांनी. आणि निकरसन हे त्याच निवडणुकीत ब्राइट यांच्याविरुद्ध पराभूत झालेले उमेदवार. याउलट, कायदा झाल्यावर लगोलग मॉरिस यांच्या मुलाने एका स्त्रीहक्कवादी नियतकालिकाला जे पत्र पाठवले, त्यात श्रेय ब्राइट यांनाच आहे. इतिहासकार टी. ए. लार्सन यांनी याच कारणास्तव चहापानाची कथा अग्राह्य ठरवली असून, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. मॉरिस यांची थोरवी या कथेवर अवलंबून नाही: फेब्रुवारी १८७० मध्ये त्या साउथ पास सिटीच्या न्यायदंडाधिकारी झाल्या, आणि अमेरिकेत असे न्यायपद भूषविणारी पहिली स्त्री त्यांनाच मानतात. प्रदेशाचे सचिव एडवर्ड ली यांचा वाटाही दुर्लक्षिला जातो. कनेक्टिकटच्या विधिमंडळात त्यांनी याआधीच असा प्रयत्न केला होता.

हेतूंबाबतही मते भिन्न आहेत. पुरुषांच्या तुलनेत स्त्रिया फार थोड्या होत्या (१८७० च्या जनगणनेत एकूण लोकसंख्या ९,११८). नव्या वसाहतकऱ्यांना आकर्षित करण्याचा विचार त्यामुळे संभवतो. रिपब्लिकन गव्हर्नरला पेचात टाकण्याचा डावही काहींना दिसतो. ब्राइट स्वतः व्हर्जिनियाचे आणि कृष्णवर्णीयांच्या मताधिकाराचे विरोधक. कृष्णवर्णीय पुरुषाला मत मिळते, मग आपल्या पत्नीला का नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. हक्काच्या या इतिहासात वर्णभेदही मिसळलेला आहे, हे लपवून चालणार नाही.

६ सप्टेंबर १८७० रोजी लॅरमी येथे लुईझा स्वेन या सत्तरीच्या आसपासच्या वृद्धेने मत दिले. स्वच्छ एप्रन बांधून, खमीर आणण्यासाठी डबा घेऊन त्या निघाल्या होत्या आणि वाटेत मतदान केले, असे सांगतात. यूटातील स्त्रियांनी त्याच वर्षी फेब्रुवारीत मतदान केले होते. तेथील कायदा नंतरचा, पण निवडणूक आधी आली. लॅरमीतच मार्च १८७० मध्ये स्त्रिया ज्यूरीवर बसल्या. पुढच्याच वर्षी ही प्रथा बंद पडली.

१८७१ मध्ये विधिमंडळाने कायदा रद्द करण्याचे ठरवले. कॅम्पबेल यांनी नकाराधिकार वापरला आणि तो ओलांडण्यास वरिष्ठ सभागृहात एकच मत कमी पडले. १८८९ च्या संविधानसभेने राज्याच्या संविधानात ही तरतूद कायम ठेवली. राज्यदर्जाला अमेरिकन काँग्रेसमध्ये विरोध झाला. कनिष्ठ सभागृहात विधेयक १३९ विरुद्ध १२७ मतांनी तरले. १० जुलै १८९० रोजी वायोमिंग ४४ वे राज्य झाले. स्त्रियांशिवाय संघराज्यात येण्यापेक्षा शंभर वर्षे बाहेर राहू, ही वायोमिंगच्या विधिमंडळाची म्हणून सांगितली जाणारी तार सर्वत्र उद्धृत होते. तिच्या अस्सलतेविषयी शंका घेतली जाते.

स्त्रियांना देशभर मताधिकार देणाऱ्या १९ व्या संविधानदुरुस्तीस राज्याने जानेवारी १९२० मध्ये मान्यता दिली. नेली टेलो रॉस १९२४ मध्ये निवडून येऊन अमेरिकेतील पहिल्या स्त्री गव्हर्नर ठरल्या. विंड रिव्हर राखीव क्षेत्रातील शोशोनी व अरापाहो या मूळनिवासी समाजांच्या नागरिकत्वाचा प्रश्न मात्र त्याच वर्षीच्या संघीय कायद्याने सुटला.